आधी भाकर, मग वाणी: शरीर-मन सांभाळू पाहणाऱ्या विश्वासणाऱ्यांसाठी

माझ्या गोळ्यांची पट्टी मी जवळजवळ वर्षभर बायबलच्या चेनवाल्या कव्हरमध्ये लपवून ठेवत होते. पर्समध्ये ठेवली असती तर सुटे पैसे शोधताना यांच्या हाती लागली असती, कपाटात ठेवली असती तर सासूबाईंच्या. माझ्या बायबलला मात्र घरात दुसरं कुणी हात लावत नाही. साखरेच्या गोळ्या जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर असायच्या. लपवलेली पट्टी होती ती मनाच्या दुखण्याची.

मी नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीची, म्हणजे चर्चची, सभासद. संडे स्कूल, गायनमंडळ, महिला मंडळाचं चिटणीसपद, गुरुवारची घरगुती प्रार्थना, आणि पोटापाण्यासाठी शाळेतली नोकरी. चाळिशी ओलांडली आणि दोन वर्षांत साखर निघाली, हिमोग्लोबिन आठवर आलं, झोप उडाली. एका पावसाळ्यात तर अंघोळीला उठायचं म्हटलं तरी रडू यायचं. मंडळीतल्या बहुतेक सल्ल्यांचा गोषवारा एकच होता: "ताई, विश्वास कमी पडतोय. उपास धरा." धरला. तिसऱ्या शुक्रवारी प्रार्थनेत उभ्या उभ्या कोसळले.

तिथून सावरायला मला दीड वर्ष लागलं. त्यातले निदान सहा महिने चुकीच्या दारांशी गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. डोस वाढवणं, कमी करणं, बंद करणं हे तुमच्या डॉक्टरला विचारूनच करा.

सुरुवातीलाच एक सांगते. "तुमचे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे" हे पौलाचं वचन (१ करिंथ ६:१९) आपण कुणाला ऐकवतो? दारू पिणाऱ्याला, तंबाखू खाणाऱ्याला. मिशरी लावणाऱ्या बाईला फार तर डोळ्यांनी. रात्री एकला झोपून पहाटे चारला उठणाऱ्या, चहा-बिस्किटावर दिवस काढणाऱ्या सेवकाला मात्र आपण "किती झटतो प्रभूसाठी!" म्हणतो. मला असंच म्हणायचे आणि मला ते आवडायचं, हेही कबूल करते.

काय काय जवळ ठेवायचं

- एक शंभर पानी वही आणि पेन. मोबाइलमधल्या नोंदी डॉक्टरांसमोर सापडत नाहीत.
- जुने रिपोर्ट आणि केसपेपर, तारखेप्रमाणे लावून एका फाइलमध्ये.
- चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी. काढे, चूर्ण, "एका भावाने प्रार्थना करून दिलेलं तेल" हेसुद्धा लिहा. पोटात जातं ते सगळं.
- आधार कार्ड, रेशन कार्ड आणि आयुष्मान कार्ड असेल तर ते. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दवाखान्यात भरती होऊन घेण्याच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, महिन्याच्या गोळ्यांसाठी नाही. गोळ्या स्वस्त हव्या असतील तर जन औषधी केंद्र शोधा.
- विश्वासातलं एक माणूस, जे तुमच्याबरोबर दवाखान्यात येईल आणि बाहेर तोंड बंद ठेवील.

१. आधी चौदा दिवस झोप लिहून काढा

काही करण्याआधी हे करा. किती वाजता आडवे झालात, किती वाजता डोळा लागला असेल, रात्री कितीदा उठलात, सकाळी किती वाजता जाग आली. रोज एक ओळ. मोठ्या माणसाला साधारण सात तास झोप लागते. माझ्या वहीत शनिवारसमोर सलग दोन आठवडे "साडेतीन तास" लिहिलेलं निघालं, कारण रविवारच्या धड्यासाठी मी मध्यरात्रीपर्यंत चित्रं कापत बसायचे आणि मग डोकं थांबायचंच नाही. रविवारी मुलांवर ओरडायचे. धडा कशावर, तर वादळ शांत करणाऱ्या येशूवर.

झोपेपासून सुरुवात करायला मला एलीयाने शिकवलं. १ राजे, अध्याय १९ काढा. कर्मेल डोंगरावर बआलच्या संदेष्ट्यांना हरवण्याचं एवढं मोठं काम झालेलं, आणि दुसरीकडे ईजबेल राणीची धमकी. हा संदेष्टा रानात पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. आता देव काय करतो पाहा. झापत नाही, वचन देत नाही, "विश्वास कुठे गेला" असंही विचारत नाही. एलीया झोपतो. दूत त्याला हलवून उठवतो: ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा तेच: खा, वाट फार लांबची आहे. मग चाळीस दिवसांची चाल, होरेब डोंगर, आणि तिथे ती मंद वाणी. हा अध्याय मी संडे स्कूलमध्ये दहादा तरी शिकवला असेन. दर वेळी भाकरीवरून उडी मारून वाणीवर जायचे.

अडचण करणाऱ्या दोन गोष्टी. एक, प्रार्थनेचे व्हॉट्सअॅप ग्रुप. पहाटे चारला कुणीतरी गुलाबाच्या फुलावर वचन लिहून पाठवतंच. रात्री नऊनंतर ग्रुप म्यूट करा, देव रागावत नाही. दोन, महिन्याला रात्रभराची प्रार्थना. निरोगी माणसाला ती झेपते. ज्याची झोपच आजारी आहे त्याने दहाला घरी जावं. पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) आधी सांगून ठेवा, म्हणजे मधून उठताना चोरट्यासारखं वाटत नाही.

पहाटे तीन-साडेतीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही, असं बहुतेक दिवशी होत असेल तर त्या ओळीवर खूण करा. पायरी ३ मध्ये ती लागेल.

२. मनाला दोष देण्याआधी रक्त तपासा

मी हे उलटं केलं. आधी पापांची यादी केली, कुणाकुणाला क्षमा केली नाही ते आठवलं, दोघींच्या घरी जाऊन माफीही मागितली (एकीला तर मी का आले तेच कळेना). साखर सोडून बाकीचं रक्त तपासलं ते कोसळल्यावर.

पहिल्या खेपेला सांगायच्या तपासण्या: हिमोग्लोबिनसह सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), थायरॉइडसाठी टीएसएच, बी १२, लघवी, आणि रक्तदाब. यातल्या कोणत्या तुम्हाला हव्यात ते डॉक्टर ठरवतील, पण विचारायला लाजू नका. कारण असं की थायरॉइड मंदावलं, रक्त कमी झालं किंवा बी १२ उतरलं तरी माणूस गळून जातं, चिडचिडं होतं, विसरतं, प्रार्थनेत लक्ष लागत नाही. त्यावर गोळी आहे. पश्चात्तापाने टीएसएच खाली येत नाही.

आकडे वाचता यावेत म्हणून: एचबीए१सी ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे साखर उंबरठ्यावर, ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह, आणि हे निदान डॉक्टर बहुधा पुन्हा तपासून पक्कं करतात. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय. आपल्याकडच्या बायका ९ वर "बरी आहे की मी" म्हणत भाकऱ्या थापत असतात.

३. मनाची तपासणी: कुणाकडे, कधी

आपल्या लोकांना "मला नैराश्य आलंय" असं म्हणता येत नाही. आपण म्हणतो, जीव रमत नाही, छातीत धडधडतं, डोकं भणभणतं, अंगात त्राण नाही, कशातच राम वाटत नाही (ख्रिस्ती घरांतही असंच म्हणतात). हे बहुतेक दिवशी, दिवसाचा बराच वेळ, दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर दाखवायची वेळ झाली. डॉक्टर बहुधा नऊ प्रश्नांची एक यादी भरून घेतात. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर नीट बोलून तपासावं लागतं. हे परीक्षेसारखं घेऊ नका. मी मास्तरीण असल्यामुळे पहिल्यांदा "चांगले" गुण मिळवायचा प्रयत्न केला आणि दोन उत्तरं खोटी लिहिली. वहीतली झोप पाहून डॉक्टरीणबाईंनी पकडलं.

कुणाकडे जायचं यात लोकांचा फार घोळ होतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर, तो औषध देतो. मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक बोलण्यातून उपचार करतो, गोळ्या देत नाही. पाळक तुमच्यासाठी प्रार्थना करतात, ऐकून घेतात, प्रभुभोजन घरी आणतात. तिघांची कामं वेगळी आहेत आणि मला तिघेही लागले. दोन दिवसांचं शिबिर करून "ख्रिस्ती कौन्सिलर"ची पाटी लावलेल्यांना मात्र शिक्षण कुठे झालं ते सरळ विचारा. विचारल्यावर चिडला तर उठा.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. कोणत्या वारी, ते आधी विचारून जा. आणि घरबसल्या बोलायचं असेल तर टेलिमानस, नंबर १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलता येतं.

हे नीट वाचा. "मेलेलं बरं" असा विचार येत असेल, तर ते पाप की मोह हा काथ्याकूट आज नको. आजच कुणाला तरी मोठ्याने सांगा, १४४१६ लावा, एकट्याने खोलीत बसू नका. घरच्यांनी कीटकनाशकाचे डबे आणि जास्तीच्या गोळ्या उचलून दुसरीकडे ठेवाव्यात. प्रसंग हातघाईचा असेल तर ११२ लावा किंवा सरळ जवळच्या दवाखान्यात न्या. पोलिसांच्या भीतीने लोक लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा नव्हे तर उपचार द्यायचे, असं ठरवलं आहे. मरण मागणाऱ्या एलीयाशी देव कसा वागला ते वर आलंच.

४. औषध आणि प्रार्थना एकाच ताटात

मनाच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, तोंड कोरडं पडणं, कधी बेचैनी, असं काही होतं आणि नेमके तिथेच लोक सोडून देतात. दुसरी गळती बरं वाटायला लागल्यावर. मी चौथ्या महिन्यात, देवाने आपल्याला कसं बरं केलं ते लोक उभं राहून सांगतात अशा एका साक्षीच्या सभेच्या भरात, गोळ्या एकदम बंद केल्या. आठवड्यात चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, आणि पुन्हा तीच पहाटे तीनची जाग. ह्या गोळ्या डॉक्टरच्या सांगण्याने हळूहळूच उतरवायच्या असतात.

"औषध म्हणजे अविश्वास" असं कुणी म्हणालं तर वाद घालत बसू नका, पण स्वतःच्या मनाला उत्तर माहीत असू द्या. याकोब ५:१४ मध्ये मंडळीतल्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांनी आजाऱ्यासाठी प्रार्थनाही करायची आहे आणि तेलही लावायचं आहे. येशूच्या दाखल्यातल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या परक्याच्या जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्टी बांधली आणि उतारशाळेचे पैसे भरले. पौल तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, आणि ज्याच्या नावावर शुभवर्तमान आहे त्या लूकला "प्रिय वैद्य" म्हणतो. येशूनेच दुखणाइतांना वैद्याची गरज असते असं म्हटलं आहे.

आणि आपला इतिहास तरी काय आहे? १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत दवाखाना उभा केला. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं, दोघेही ख्रिस्ती, आमच्याच जिल्ह्यात जामखेडला येऊन राहिलं. त्यांनी खेड्यांतल्या, पुष्कळदा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना गावाच्या आरोग्याचं काम शिकवलं. आमच्या कित्येक घरांतल्या आज्या मिशनच्या दवाखान्यात जन्मल्या. त्यांच्या नातींनी गोळी लपवून खावी, याला काय म्हणायचं!

आजार बरा करण्याच्या मोठ्या सभांबद्दल एवढंच सांगते की जायचं असेल तर जा, पण इन्सुलिन, रक्तदाबाची, फिटची किंवा मनाची औषधं व्यासपीठावर सोडून येऊ नका. देवाने बरं केलं असेल तर रक्ताच्या रिपोर्टमध्ये ते दिसेल, आणि मग डॉक्टरच औषध कमी करतील.

प्रार्थना होतच नसेल तर? मला चार महिने शब्द सुचत नव्हते. तेव्हा स्तोत्र ८८ वाचत होते. सगळ्या स्तोत्रांत ते एक असं आहे की शेवटीसुद्धा अंधारच राहतो. कुणीतरी आधी हे देवाला बोललंय आणि ते पवित्र शास्त्रात ठेवलंय, एवढं मला त्या दिवसांत पुरत होतं.

५. उपास: आधी डॉक्टरला विचारा

मी कोसळले ते इथेच. साखर उतरवणारी गोळी सकाळी घेतली आणि दिवसभर पाण्यावर राहिले. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं की साखर धोक्याच्या खाली जाते. हात थरथरतात, दरदरून घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी, बोलणं अडखळतं. सत्तरच्या खाली साखर आली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा. माझ्या वेळी सभेतल्या निम्म्या लोकांना वाटलं आत्मा उतरला. आमच्या पाळकांच्या मिसेस तेवढ्या स्वयंपाकघरात धावल्या आणि साखरेचा डबा घेऊन आल्या.

वसईकडच्या माझ्या कॅथलिक मैत्रिणीने सांगितलं की त्यांच्याकडे नियमच मोजका आहे: राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोन दिवशी उपवास, तोही १८ ते ५९ वयाच्या निरोगी माणसांना. आजाऱ्याला सूट. आम्हा प्रॉटेस्टंटांकडे लिखित नियम नाही, त्यामुळे चढाओढ लागते. कुणी चाळीस दिवस एकवेळ, कुणी पाण्यावर, आणि मग ते सगळ्यांना सांगायचं. मत्तय ६ मध्ये येशूने नेमकं हेच करू नका म्हटलंय.

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत, मी आता जेवण सोडत नाही. संध्याकाळचा मोबाइल सोडते, आणि वाचलेल्या वेळात यशया ५८ प्रमाणे (भुकेल्याला आपली भाकर वाटणं हाच देवाला आवडणारा उपास) कुणाच्या तरी घरी डबा पोचवते.

६. सेवेची यादी अर्धी करा

वहीच्या मागच्या पानावर आठवड्यातली सगळी सेवा तासांसकट लिहा. माझी बेरीज नोकरी आणि घर सोडून एकवीस तास आली. मग निर्गम १८ वाचा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करतोय, आणि त्याचा सासरा इथ्रो येऊन म्हणतो की हे बरं नाही, तूही थकशील आणि ही माणसंही. उपाय आध्यात्मिक नाही, कामाची वाटणी आहे.

मी चिटणीसपद सोडलं, घरगुती प्रार्थना महिन्यातून दोनदा केली, संडे स्कूल ठेवलं कारण ते मला खरंच आवडतं. सोडताना "प्रभूने मला दुसरीकडे नेलंय" असली मोघम वाक्यं टाळा. "डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, मार्चपासून जमणार नाही" एवढं लेखी द्या. पहिला महिना अपराधी वाटतं. दुसऱ्या महिन्यात कळतं की तुमच्याविना वार्षिक सभा झाली आणि हिशोबही लागला. जरा लागतंच मनाला.

आणि रविवार हा सेवकाचा विसाव्याचा दिवस नसतो. पाळकाचा तर मुळीच नाही. आठवड्यातली दुसरी एक अर्धी दुपार ठरवून घ्या. माझी बुधवारची आहे.

७. चालणं आणि ताट

यावर सगळीकडे भरपूर लिहिलेलं असतं, म्हणून थोडक्यात. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. मी चालताना मंडळीतल्या घरांची नावं घेत प्रार्थना करते, एका घराला एक विजेचा खांब. ताटात ज्वारीची भाकर, डाळ, पालेभाजी आधी, भात शेवटी आणि थोडा. नाताळात प्रत्येक घरी करंजी आणि केक पुढे येतोच. एका घरी एकच खायचं आणि चहा बिनसाखरेचा, हे ठरवूनच बाहेर पडते. निम्म्या वेळा ते मोडतंच.

८. मंडळीत कुणाला सांगायचं

सगळ्यांना नाही. "प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं" या वाक्याने निघालेली बातमी रविवारपर्यंत तीन गावं फिरते, आणि तोवर तुमची झोपेची गोळी "वेडाच्या इस्पितळात होती" इथवर पोचलेली असते. घरात लग्नाची मुलगी असेल तर भीती आणखी वाढते, हे मला माहीत आहे. एक माणूस घरातलं, एक मंडळीतलं, एवढं पुरे. पाळकांना सांगताना स्पष्ट म्हणा: हे व्यासपीठावरून नको, प्रार्थना-विनंत्यांच्या यादीतही नको.

माझं मंडळीतलं माणूस मी निवडलं नाही. एका रविवारी शास्त्रवाचनासाठी बायबल उघडताना कव्हरची चेन अर्धी राहिली होती. पट्टी सरकून फरशीवर पडली. शेजारच्या बाकावरच्या बाईंनी ती उचलली. पन्नाशीच्या, गायनमंडळात आल्टो गाणाऱ्या, नेहमी हसतमुख. त्यांनी नाव वाचलं, पट्टी माझ्या मुठीत ठेवून मूठ बंद केली आणि पुस्तकात बघत हळूच म्हणाल्या, "माझी पण हीच आहे. दहाची. सहा वर्षं झाली."

आता दर दोन महिन्यांनी आम्ही एकाच एसटीने तपासणीला जातो. केसपेपरच्या रांगेत लवकर नंबर लागावा म्हणून साडेसहाची गाडी धरतो, आणि डब्यात भाकरी असते.